शनिवारी थांबणारा घाणा

परदेशातील दीर्घ वास्तव्य माणसाच्या धर्माचे काय करते, हा प्रश्न रत्नागिरीत बसून विचारणे अप्रस्तुत नाही. कारण मुंबईला चाकरीस गेलेल्या चाकरमान्याची, किंवा आखातातील एखाद्या शहरी उभे आयुष्य घालवून गणपतीला अथवा ईदेला चार दिवस घरी येणाऱ्या नातलगाची वाट पाहणे हा येथील संसाराचा भागच होऊन बसलेला आहे, आणि परमुलखात गेलेला माणूस काय टाकतो, काय जपतो व जपलेल्यालाही काही काळाने कोणते रूप येते, याचा अनुभव न घेतलेले कुटुंब या किनाऱ्यावर विरळाच सापडेल.

शिवाय या गावाने परदेशवासाचे एक राजेशाही उदाहरणही डोळ्यांनी पाहिले आहे. मंडाले पडल्यावर इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली येथे आणून ठेवले, त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० साली पुरा झाला, आणि १९१६च्या डिसेंबरात तो येथेच निवर्तला. त्याला सरकारातून तनखा मिळत होता, नोकरचाकर होते, समोर समुद्र होता. परंतु हुकुमाशिवाय गावाची हद्द ओलांडण्याची मोकळीक नव्हती, आणि म्हणून त्याची ती तीस वर्षे अखेरपर्यंत बंदिवासाचीच राहिली. त्याची राणी सुपयालत १९१९ साली रंगूनला परत गेली. थोरल्या राजकन्येने मात्र रत्नागिरीच्याच एका माणसाशी संसार मांडला, आणि तिची मुलगी मराठी बोलत याच गावात म्हातारी झाली. ज्या भूमीला आजोबांनी कारागृह मानले ती नातीला माहेर वाटली, यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही. प्रश्न एवढाच उरतो, की दोन पिढ्यांत घडणारे हे स्थित्यंतर ज्या समाजाच्या बाबतीत शेकडो वर्षे चालले आणि तरीही पुरे झाले नाही, त्याने आपले वेगळेपण कशाच्या बळावर राखले असेल?

असा समाज पाहण्यास दूर जावे लागत नाही. बाणकोटची खाडी ओलांडून उत्तरेस निघाले, की म्हसळा, मुरुड, रेवदंडा, अलिबाग, पेण, पनवेल या पट्ट्यात बेने इस्राएल या यहुदी लोकांची जुनी घरे, दफनभूमी आणि प्रार्थनामंदिरे लागतात. त्यांची परंपरा सांगते, की फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, समुद्राने बाहेर टाकलेली बाकीच्यांची प्रेते त्यांनी तेथेच पुरली, आणि अंगावरच्या वस्त्रांनिशी आसपासच्या खेड्यांत आश्रय घेतला. जवळचे ग्रंथ पाण्यात गेले. ही कथा रत्नागिरीच्या माणसास एकदम ओळखीची वाटते, कारण चिपळूणच्या परशुरामाने समुद्राने किनाऱ्यास लावलेली चौदा प्रेते चितेवर शुद्ध करून जिवंत केली व त्यांपासून चित्पावन झाले, अशी आख्यायिका आपल्याकडेही आहे. या साम्यावरून दोन्ही समाजांचे एकच मूळ काढून दाखविण्याचा खटाटोप काहींनी केलेला आहे; मला तो पटत नाही. ज्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात गलबते फुटत आली, तेथे प्रत्येक आगंतुकाची कुळकथा समुद्रातूनच सुरू व्हावी, यात नवल ते काय? मला महत्त्वाचा वाटतो तो दोन कथांतील भेद. परशुरामाची प्रेते नवा जन्म घेऊन उठतात आणि त्यांचा पूर्वेतिहास अग्नीत जळून जातो; नवगावचे चौदा जीव मात्र पूर्वीचेच राहून, पूर्वीचे जवळजवळ सर्व काही गमावून, भिजलेल्या अंगाने खेड्याची वाट धरतात. त्यांना नवा जन्म मिळत नाही. जुनाच जन्म ग्रंथावाचून पुढे चालवावा लागतो.

तो त्यांनी कसा चालविला, हे पाहू लागले म्हणजे प्रथम डोळ्यांत भरते ती उरलेल्या सामग्रीची अल्पता. हिब्रू भाषा गेली, तोरा गेली, पुरोहितवर्ग गेला. ईश्वर एक आहे अशी साक्ष देणारी 'शेमा' ही प्रार्थना तेवढी मुखोद्गत राहिली, आणि बारशापासून दफनापर्यंत प्रत्येक प्रसंगी तीच म्हणावी असा परिपाठ पडला. मुलाची सुंता आठव्या दिवशी होत राहिली. शनिवारी काम बंद राहिले. पंख आणि खवले नसलेली मासळी घरात शिजली नाही. काही सण टिकले, पण त्यांची मूळ नावे विसरली जाऊन त्यांस मराठी नावे मिळाली: वर्षारंभाचा तो नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, दारे लावून, कोणाचा स्पर्श होऊ न देता उपवास करावयाचा, म्हणून तो दारफळणीचा सण, आणि यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस ज्या तिथीशी निगडित आहे त्या उपवासाची सांगता सोललेल्या वालांच्या बिरड्याने होई, म्हणून तो बिरड्याचा सण. मक्काबींच्या विजयाचा हनुक्का हा उत्सव मात्र त्यांना ठाऊक नव्हता, आणि आपले पूर्वज त्या घटनेच्या आधीच स्वदेशातून निघाले असले पाहिजेत, असे अनुमान हैम शमुएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिताना त्यावरून बांधले. केहिमकरांनी हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केला आणि तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीव येथे. लेखकाच्या हयातीत त्याला प्रकाश दिसला नाही, ही गोष्ट मनास लागून राहते.

बाराव्या शतकाच्या अगदी शेवटी मैमोनिदीस या यहुदी धर्मशास्त्रज्ञाने कैरोहून फ्रान्समधील ल्युनेलच्या पंडितांस एक पत्र लिहिले, त्यात हिंदुस्थानातील यहुद्यांचा ओझरता उल्लेख येतो. त्यांना शास्त्र ठाऊक नाही, शनिवारची विश्रांती आणि आठव्या दिवसाची सुंता एवढेच काय ते त्यांच्यापाशी उरले आहे, अशा आशयाचे ते वाक्य आहे. मैमोनिदीसचा धाकटा भाऊ दाविद व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडाला आणि त्या आघाताने हा थोर पुरुष वर्षभर अंथरुणास खिळला होता. आपल्या समुद्राची वार्ता त्याच्या घरी अशा दुःखाच्या वाटेने पोचलेली होती. त्याचे वर्णन कोकणातील लोकांशी तंतोतंत जुळते. परंतु त्याच्या दृष्टीने जी नोंद न्यूनतेची होती, ती मला दुसऱ्याच कारणासाठी मोलाची वाटते. सर्व हरवल्यावर जे उरते त्यास उच्छिष्ट समजावे की सार, हा येथे खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पुनःपुन्हा तेलाच्या घाण्याशी येऊन थांबतो. बेने इस्राएल लोकांनी कोकणात तेल्याचा धंदा पत्करला, आणि शनिवारी ते घाणा चालवीत नाहीत म्हणून भोवतालच्या गावकऱ्यांनी त्यांस शनवार तेली हे नाव दिले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. खेड्यातल्या लाकडी घाण्याचे दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांस आठवेल, की डोळ्यांवर झापडे बांधलेला बैल दिवसभर एकाच वर्तुळात फिरतो, लाट उखळीत करकरत राहते, खोबरे किंवा तीळ रगडले जाऊन तेल झिरपते, आणि तो करकर आवाज वाडीच्या दिनचर्येत इतका मुरलेला असतो की तो थांबला तरच लक्षात येतो. शुक्रवारी सूर्य मावळला की शनवार तेल्याच्या घरचा हा आवाज थांबे आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत थांबलेलाच राही. आता तोरेतील दहा आज्ञांत शब्बाथविषयी जी आज्ञा आहे ती केवळ यजमानापुरती नाही. दास, दासी, दारी आलेला परका, बैल आणि गाढव या सर्वांस त्या दिवशी विश्रांती द्यावी असे ती स्पष्ट सांगते, आणि तुम्हीही मिसर देशात दास होता हे स्मरा, असे कारण देते. कोकणातल्या त्या तेल्याला ही आज्ञा वाचता येत नव्हती. मिसरचे दास्य त्याला कोणी सांगितले असेल की नाही, कोण जाणे. परंतु त्याच्या गोठ्यात शनिवारी बैल जुवाशिवाय उभा राहून रवंथ करीत होता, म्हणजे आज्ञेचे अक्षर हरवले असतानाही आज्ञेचा जो परम हेतू, तो त्या मुक्या जनावरापर्यंत पोचत होता. ग्रंथ पाण्यात गेला तरी त्यातील एक ओळ शतकानुशतके बैलाच्या मोकळ्या खांद्यावर लिहिलेली राहिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल असे मला वाटत नाही.

मासळीची गोष्ट अशीच आहे. परंपरा सांगते, की दाविद रहाबी नावाचा एक यहुदी या किनाऱ्यावर आला (कोणी त्याला हजार वर्षांमागे नेतात, कोणी अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातला मानतात) आणि शनिवार पाळणारे हे तेली आपल्यापैकीच असावेत अशी शंका येऊन त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी मांडली व ती शिजविण्यास सांगितले. स्त्रियांनी पंख व खवले असलेली तेवढी वेगळी काढली आणि बाकीची आम्ही खात नाही म्हणून बाजूस सारली. मिरकरवाडा बंदरावर होड्या लागल्यावर जो ढीग पडतो त्याच्यापुढे उभे राहून या परीक्षेचा विचार केला, म्हणजे तिचे काठिण्य ध्यानात येते. बांगडा, पापलेट, रावस घ्यावयाचे. मुशी, पाकट, कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या सोडून द्यावयाच्या. कोळंबी आणि कुर्ली समोर असता, शेजारची कोळीण ती स्वस्तात देत असता, गावातल्या सर्व चुलींवर तिचा वास दरवळत असता, ती न घेण्याचे कारण विचारल्यास 'आमच्यात चालत नाही' एवढेच उत्तर ज्या बायकांपाशी होते, त्यांनी ते उत्तर आईकडून घेऊन मुलीला दिले. धर्मरक्षणाच्या इतिहासात राजांची आणि पंडितांची नावे नोंदली जातात. या इतिहासाची रक्षणकर्ती स्त्री अनामिकच राहिली, आणि तिचे शस्त्र विळी हेच होते.

आपल्या धर्मशास्त्रात श्रुती आणि स्मृती यांच्या जोडीने शिष्टांच्या आचारासही धर्माचे प्रमाण मानलेले आहे, परंतु ते तिसऱ्या क्रमांकावर. श्रुतीशी विरोध आल्यास आचार बाधित होतो. यहुदी धर्मातही लिखित तोरा आणि तिच्या जोडीची मौखिक परंपरा यांचा अधिकार मोठा, आणि स्थानिक रूढीस मान असला तरी तो त्यांच्या खालचा. शास्त्रदृष्ट्या हा क्रम बरोबर असेल. तथापि काळाच्या ओघात टिकण्याचा क्रम नेमका उलटा आहे, असे बेने इस्राएलांचा इतिहास पाहून म्हणावे लागते. तत्त्वज्ञान सर्वांत आधी नाहीसे होते, मग भाषा जाते, मग ग्रंथ जातो, आणि सर्वांच्या शेवटी, चूल आणि वार यांना बांधलेले जे काही असते, ते उरते. परदेशी राहणाऱ्या माणसाला हे सांगण्याची गरज नसते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो बलवान आहे. केवळ आचार म्हणजे अर्थ हरवलेली सवय. आज ती धर्म म्हणून पाळली जाते, उद्या ती जातीची खूण म्हणून उरते, आणि परवा तरुण पिढी कारण विचारते तेव्हा उत्तर नसल्यामुळे गळून पडते. रहाबीने झिराटकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतील तिघांस विधी शिकवून काजी केले नसते; मुंबईच्या शमुएल इझिकेल दिवेकर यांनी, जे कंपनी सरकारच्या फौजेत अंमलदार होते व टिपूच्या कैदेतून सुटून आल्याचे परंपरा सांगते, त्यांनी १७९६ साली पहिले सिनेगॉग उभारले नसते; कोचीनच्या यहुद्यांनी शिक्षक पाठविले नसते; ख्रिस्ती मिशनऱ्यांनी धर्मांतराच्या आशेने का होईना, हिब्रू शिकविण्याची सोय केली नसती आणि जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले नसते; आणि त्या विद्येचा लाभ घेऊन जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले नसते, तर शनिवारचा घाणा आणखी किती शतके थांबत राहिला असता? आक्षेप मला मान्य आहे. अर्थावाचून आचार आंधळा असतो, यात शंका नाही. परंतु रहाबी ज्या दारात आला ते दार तोवर उघडे कोणी ठेवले? ज्याला शिकवावे असा शिष्यच उरला नसता तर गुरूने कोणाला शिकविले असते? ग्रंथ पुन्हा आणता येतो, लिपी पुन्हा शिकता येते. एकदा मोडलेली वहिवाट मात्र कोणत्याही पंडितास पुन्हा निर्माण करता येत नाही, आणि म्हणून परमुलखातील दीर्घ वास्तव्यात आचाराचे स्थान तिसरे नव्हे, पहिले होय, असे माझे मत आहे.

मग या वहिवाटीला येथे इतका काळ निर्वेधपणे टिकता आले, ते कशामुळे? हिंदुस्थानात यहुद्यांचा छळ झाला नाही, हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो, आणि युरोपातील धर्मसमीक्षणाच्या चौकश्या, हद्दपाऱ्या आणि अखेरीस हिटलरच्या छावण्या यांच्याशी ताडून पाहता त्यातील अभिमान रास्तही आहे. परंतु त्याचे कारण केवळ आमचे औदार्य, असे मानणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या समाजरचनेत प्रत्येक जातीने वेगळे जेवावे, वेगळे विवाह करावेत, वेगळे देव व वेगळे वार पाळावेत अशीच अपेक्षा होती, तेथे शनिवार पाळणारी आणि कोळंबी न खाणारी आणखी एक जात सहज सामावून गेली. तिने मिसळावे असा आग्रह कोणी धरला नाही, कारण येथे कोणीच कोणात मिसळत नव्हते. ज्या व्यवस्थेने आपल्याच लाखो माणसांना पाणवठ्यावरून हाकलले, तीच व्यवस्था या आगंतुकांचे कवच झाली, ही वस्तुस्थिती पचविण्यास कठीण आहे, पण ती झाकून ठेवून या विषयावर लिहिणे मला योग्य वाटत नाही. तिची किंमतही त्या समाजाने मोजली. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद त्यांच्यातही पडला. ज्यांची माता बाहेरची असल्याचे मानले जाई त्या काळ्या इस्राएलांशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार होत नसे, आणि कितीएक काळ सामुदायिक विधीतही त्यांस बरोबरीचे स्थान नव्हते. एका ईश्वराची साक्ष देणारा मंत्र ओठांवर असताना हे घडले. दीर्घ वास्तव्यात माणूस यजमानाच्या घरातून जे उचलतो, त्यात केवळ पुरणपोळी येत नाही.

पुरणपोळी मात्र आली, आणि चांगलीच रुजली. पुरीम हा त्यांचा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो होळीचा सण झाला व त्या दिवशी पुरण शिजू लागले. मांस आणि दूध एकत्र करू नये ही त्यांची आज्ञा कोकणात पाळणे इतर देशांपेक्षा सोपे गेले असावे, कारण मटणाच्या रश्शाला दाटपणा आणण्यास येथे नारळाचा रस हाताशी होता. द्राक्षासव मिळत नसे, तेव्हा शब्बाथच्या सायंकाळी आशीर्वाद म्हणण्यासाठी काळ्या मनुका पाण्यात उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळून त्यांचे सरबत करण्याची पद्धत पडली. नावे मराठी वळणाची झाली, शमुएलचा सामाजी आणि इझिकेलचा हसाजी झाला. आडनावे गावांवरून पडली, किहीमचे ते केहिमकर, दिव्याचे ते दिवेकर. स्त्रिया नऊवारी नेसल्या. १८८० च्या सुमारास तर समाजातील काही मंडळींनी मराठी हरिकीर्तनाची पद्धत उचलून बायबलमधील आख्यानांवर कीर्तने रचली, आणि पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत मोशे आणि अब्राहाम यांच्या कथा मुंबईत रंगू लागल्या. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या दरबारात त्यांच्यातील एकजण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारभारी झाला. म्हणजे हबशी मुसलमान नबाब, यहुदी कारभारी आणि बहुसंख्य हिंदू रयत यांच्यामधले दफ्तर मराठीत चालले.

आणि मलिदा. पोहे भिजवून त्यात ओले खोबरे, साखर, वेलची, मनुका, बदाम घालावयाचे, त्याचा परातीत ढीग करून भोवती केळी, खजूर, सफरचंद अशी फळे रचावयाची, गुलाबाचे फूल किंवा सब्जाची डहाळी खोवावयाची, आणि सर्वांनी मिळून एलियाहू संदेष्ट्याची स्तुती गावयाची. लग्नाआधी, नव्या घरात, मूल झाल्यावर, नवस फेडताना मलिदा होतो. एखादा कोकणी मुसलमान तो पाहून पिराच्या दर्ग्यातील फातिह्याचे स्मरण करील आणि एखादा हिंदू सत्यनारायणाच्या प्रसादाचे. दोघांचेही म्हणणे खोटे ठरणार नाही. परंतु जरा थांबून ऐकले, तर प्रत्येक फळाबरोबर हिब्रू आशीर्वाद म्हटला जात आहे असे दिसेल: खजुरावर वृक्षाच्या फळाचा, केळ्यावर मात्र भूमीच्या फळाचा, कारण एकदा व्याल्यावर केळ वठते, तिला खोड म्हणून राहत नाही, आणि म्हणून रब्बींच्या शास्त्रात ती वृक्षात गणली जात नाही, सब्ज्यावर सुगंधाचा. कोकणातल्या परसातील केळीचे झाड आणि रब्बींचे सूक्ष्म वर्गीकरण यांची गाठ त्या परातीत पडते. या पदार्थातील यहुदी अंश कोणता आणि कोकणी कोणता, हे वेगळे काढू जाणाऱ्याच्या हाती शेवटी भिजलेले पोहे आणि एक हिब्रू वाक्य असे दोन निर्जीव तुकडे तेवढे राहतील.

यहुदी धर्मविचारात निर्वासन ही एक धार्मिक अवस्था आहे. मंदिर पडले, लोक विखुरले, आणि जोवर ते परत एकत्र होत नाहीत तोवर यहुदी माणूस कितीही सुखात असला तरी परागंदाच होय, अशी ती धारणा. रोजच्या प्रार्थनेत यरुशलेमच्या पुनर्निर्माणाची याचना असते आणि प्रार्थना करावयाची ती त्या नगराच्या दिशेने. म्हणून कोकणातील सिनेगॉगांत पवित्र ग्रंथ ठेवण्याचे कपाट पश्चिमेकडे असते, समुद्राच्या बाजूस. मला असे वाटते, की बेने इस्राएलांनी येथे जी अवस्था अनुभवली तिला परागंदा हा शब्द पुरता लागू पडत नाही. थिबा राजाला गाव परके होते आणि जाण्यास मज्जाव होता. त्याचे निर्वासन दोन्ही अंगांनी पुरे होते. या लोकांचे घर येथेच होते, वतन येथेच, गावकीतला मान आणि भांडणही येथेच. फक्त प्रार्थनेच्या वेळी तोंड फिरे. घरात असूनही एका दिशेची ओढ जपणे हे तुटलेपणाचे लक्षण नव्हे, आणि ज्याला ती ओढ आहे त्याच्या निष्ठेबद्दल शंका घेणे तर सर्वस्वी अन्यायाचे होय. पंढरीकडे तोंड करून झोपणारा वारकरी आपल्या गावाशी बेइमान असतो असे आपण कधी म्हटले आहे काय?

१९४८ साली इस्रायल स्थापन झाले आणि शतकानुशतकांची याचना अचानक प्रवासाच्या तिकिटात उतरली. बेने इस्राएल निघाले ते येथून कोणी हाकलले म्हणून नव्हे. धर्मभावनेने निघाले, नातलगांमागून निघाले, पोटापाण्याच्या आशेनेही निघाले. आणि बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा ठिकाणी जाऊन राहिले, जेथे वाळवंटाचा वारा होता, गव्हाचा पाव होता आणि त्यांच्या गोऱ्या धर्मबांधवांस त्यांच्या वर्णाचे नवल होते. १९५१-५२ साली काहींनी भेदभावाविरुद्ध धरणे धरले आणि एक तुकडी हिंदुस्थानात परतलीही. त्याहून खोल घाव १९६२ साली बसला. तेथील मुख्य रब्बींच्या कचेरीने असे फर्मावले, की बेने इस्राएल व्यक्तीचा इतर यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मातृकुळाची जितक्या मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. कारण या लोकांचे विवाह आणि घटस्फोट शतकानुशतके शास्त्राप्रमाणे झाले असतील याची खात्री नाही. ज्या आजींनी कारण ठाऊक नसता कोळंबी दूर सारली, त्यांच्या नातींना आता मातृभूमीत दाखला मागितला जात होता. शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न अगदीच निराधार नव्हता, हे मी मान्य करतो. धर्मशास्त्र चालविणाऱ्यास संशय दिसला तर तो डोळेझाक करू शकत नाही. परंतु प्रमाणांच्या क्रमात आचाराला तिसऱ्या स्थानी बसविल्याचा परिणाम जिवंत माणसांवर काय होतो, ते तेथे दिसले. १९६४च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये त्यांनी मोठे आंदोलन केले, पंतप्रधान लेवी एश्कोल यांना आणि संसदेला त्यात पडावे लागले, बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असे जाहीर झाले, आणि त्यांचे नाव घेऊन काढलेला तो हुकूम बदलावा लागला.

आता त्यांच्या दुसऱ्या दीर्घ वास्तव्याला सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि भूमिका उलटल्या आहेत. तेथे शनिवार पाळण्यास प्रयास पडत नाहीत, सबंध देशच थांबतो. हिब्रू मुलांच्या तोंडी आईच्या दुधाबरोबर येते. जे कोकणात प्राणपणाने जपले ते तेथे फुकट मिळते. उलट जे कोकणात हवेसारखे होते तेच तेथे जपावे लागते. म्हणून तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघते, मराठी कीर्तने होतात, होळीच्या सणाला पुरण वाटले जाते, आणि नव्या घरात मलिदा होतो. तेथे जन्मलेल्या नातवंडांना मराठी कळते पण बोलता येत नाही, असे घडू लागले आहे. पुन्हा तोच क्रम: आधी साहित्य जाते, मग भाषा, आणि पोह्यांची परात शेवटी उरते. या खेपेस तिच्यात जपले जाते ते कोकण.

इकडे राहिलेल्यांची संख्या फार घटली आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, ते योग्यच झाले; परंतु सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ साली स्थापन झालेल्या मागेन अबोथसारख्या ठिकाणी ते दहा जमणे आता गृहीत धरता येत नाही. मात्र अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या घोड्याची टाप उमटली आहे अशी श्रद्धा असल्याने तेथे नवस बोलले जातात, आणि ते बोलणारे केवळ ठाण्या-मुंबईचे नसतात. इस्रायलमध्ये मुलगी उजवावी, सुनेला दिवस जावेत, आजारातून कोणी उठावे म्हणून अश्दोदला बसून खंडाळ्याचा नवस बोलणारी, आणि तो फेडण्यास विमानाने येणारी कुटुंबे आहेत. एलियाहू यार्देन नदीपलीकडून स्वर्गास गेला असे शास्त्र सांगते; त्याच शास्त्राच्या देशात राहणारी ही माणसे कोकणातील खडकासमोर पोहे भिजवितात. रब्बींनी त्यांस काय म्हणावे ते रब्बींनी ठरवावे. मला त्यांच्यात विसंगती दिसत नाही, आणि कोणी पाहुण्यांनी परतीच्या वाटेवर अलिबागेस थांबून प्रार्थनेच्या वेळेपुरती दहाची गणती पुरी करून दिली, तर येथल्या वृद्धांस त्याचा जो आनंद होईल, त्यात कोण कोणाच्या देशी परका आहे याचा हिशेब करण्यास कोणी बसणार नाही.